साबुदाण्याच्या डब्यातले 68 हजार

पत्र

प्रिय मावशी,

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मिस्टर अंबडला एका कंपनीत फिटर आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. घरात सासू-सासरे आणि दोन मुलं. घरखर्चातून आणि शिलाईतून उरेल ते मी आठ वर्षं साबुदाण्याच्या डब्यात टाकत आले. कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात वीस हजार डिपॉझिट मागितलं. ह्यांच्या मोबाइलवरून पैसे जाईनात, जवळचं एटीएम बंद. शेवटी मी मुलीला फोन केला. शेजारचे काका तिला गाडीवरून डब्यासकट घेऊन आले. डब्यात 68 हजार निघाले. सासरे आता बरे आहेत, पण हे तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मागच्या वर्षी ओव्हरटाइम बंद होता तेव्हा मुलाच्या फीसाठी ह्यांनी मित्राकडून 30 हजार उसने घेतले होते. "तेव्हा डबा घरातच होता ना?" हे एकच वाक्य घरात फिरतंय.

आता म्हणतात, सगळे बँकेत टाक, घरात रुपया नको. सासूबाई म्हणतात, एक पैसा त्याच्या हाती देऊ नकोस. डब्यात दोन हजारांच्या चार नोटाही आहेत. बदलायला गेले असते तर ह्यांना कळलं असतं, म्हणून तशाच राहिल्या. मावशी, माझं चुकलं का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

अगं, सासरे बरे आहेत हे वाचून जिवात जीव आला. ज्यासाठी साठवले त्याच कामाला पैसे ऐन वेळी आले. त्याबद्दल कोणी तुला बोल लावू नये, आणि तूही लावून घेऊ नकोस.

पण तुझ्या मिस्टरांचा राग त्या रात्रीचा नाहीच, मागच्या वर्षीचा आहे. मित्राकडे पैसे मागायला जाताना त्यांनी किती दिवस मनाची तयारी केली असेल, कोणते शब्द जुळवले असतील, ते तुला माहीत नाही. डबा उघडल्यावर त्यांना तेच सगळं आठवलं. तेव्हा तू गप्प का राहिलीस, ते तू लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज असा की तुला भीती वाटली असणार: डबा एकदा माहीत झाला की मग कधी गाडीचा हप्ता, कधी नणंदेकडचं लग्न, कधी नवा टीव्ही, आणि वर्षभरात तळ दिसणार. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. बायका पैसे लपवतात त्यामागे बहुतेक वेळा असा एखादा अनुभव असतो, स्वतःचा नाहीतर आईचा.

तरी त्या 30 हजारांबद्दल माफी माग. तेवढ्याचीच माग, आठ वर्षांच्या साठवणीची मागू नकोस. आणि माफी मागताना "पण बाबांच्या वेळी उपयोगी पडले ना" हे शेपूट जोडलंस तर सगळं मुसळ केरात. ते त्यांनाही कळतं. तुझ्या तोंडून आलं की त्याचा टोमणा होतो.

आता डब्याकडे वळू, कारण खरी गोची तिथे आहे. तुझ्या त्या एका डब्यात दोन वेगवेगळे पैसे एकत्र पडलेत. घरखर्चातून वाचवलेले पैसे घराचे. अडीअडचणीला ते लागणार, तेव्हा घरातल्या मोठ्यांना त्यांचा पत्ता हवा. शिलाईचे पैसे मात्र तुझे. रात्री जागून, डोळे फोडून मिळवलेले. स्वतःच्या कसबाने किंवा मेहनतीने मिळवलेल्या मिळकतीची बाई पूर्ण मालक असते, हे हिंदू वारसा कायद्यात 1956 पासून लिहिलेलं आहे. तू घराचे पैसे स्वतःचे असल्यासारखे लपवलेस, आणि आता मिस्टर तुझे पैसे घराचे असल्यासारखे मागताहेत. दोघांनी एकाच डब्यावर हक्क सांगितला की भांडण मिटायचं नाही. डबे वेगळे करा.

आधी घराचा डबा. "घरात रुपया नको" हे मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही. मोबाइलवर सगळं होतं, हे दिवसा आणि नेटवर्क असताना खरं. 2025 च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय देशभर अडखळलं होतं, तेव्हा चहाच्या टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत लोक फोन हलवत उभे होते. फोन हरवला किंवा नवा घेतला तर नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यापासून पहिले 24 तास पाच हजारांपर्यंतच पैसे जातात, हे बऱ्याच जणांना वेळ आल्यावरच कळतं. गोदावरीला पूर आला, वीज गेली, टॉवर बंद पडले, असे दिवस नाशिकने 2016 ला पाहिले, 2019 ला पाहिले. 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीत पंचवटीत फोनला रेंज मिळेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. अशा वेळी हातात नोट लागते. गंमत म्हणजे 1928 पासून नोटा छापणारी प्रेस आपल्याच नाशिकरोडला आहे, आणि खिशात सुटे दहा रुपये नसलेली माणसंही इथेच जास्त भेटतात.

पण मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. डिपॉझिट भरून उरलेले 48 हजार रोख घरात पडून राहायचं कारण नाही. त्यावर व्याज नाही, चोरीची भीती आहे, वाळवी आणि उंदरांना रिझर्व्ह बँक ओळखू येत नाही. आपल्या नोटा कापसाच्या कागदाच्या असतात. पावसाळ्यात त्या सादळतात, एकमेकींना चिकटतात. पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा 80 टक्क्यांहून जास्त भाग एकसंध शाबूत असेल तरच बँक पूर्ण किंमत देते. 40 ते 80 टक्के उरला असेल तर निम्मी.

मग किती ठेवायचे? घरात हृदयाचा त्रास असलेला माणूस आहे, म्हणून माझ्या मते 20 हजार. ही रक्कम म्हणजे एक रात्र आणि बँक उघडेपर्यंतचे एक-दोन दिवस. सहा महिन्यांचा खर्च वगैरे जो शिलकीला टाकायचा तो बँकेत, मोडता येईल अशा एफडीत असू दे. वीस हजारांत पाचशेच्या नोटा जास्त, पण शंभराच्या वीस-पंचवीस आणि पन्नास, वीस, दहाच्या मूठभर हव्यातच. रात्री दोनला मेडिकलवाल्याकडे आणि रिक्षावाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात. नोटा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाल, पिशवी कपाटात. स्वयंपाकघरात ओल असते आणि चोरही आधी डबेच उपसतात, एवढं त्यांनाही कळायला लागलंय. माळ्यावर तर नकोच, भर पावसात तिथे शिडी लावून कोण चढणार? बँकेचा लॉकर यासाठी निरुपयोगी. तो रात्री उघडत नाही, आणि लॉकर रोकड ठेवण्यासाठी नाही हे करारातच लिहिलेलं असतं.

त्याच पिशवीजवळ एक फाइल ठेव. सगळ्यांच्या आधारच्या प्रती, सासऱ्यांचे जुने ईसीजी आणि औषधांची चिठ्ठी, रेशनकार्ड, आणि मिस्टरांना ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर ते कार्ड. ईएसआयमध्ये कामगारावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात, सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रेशनकार्ड हाताशी नसलं की तिथेच अडतं. पुढच्या वेळी आधी 108 ला फोन करा, त्या गाडीला पैसे लागत नाहीत. खरं सांगू, त्या रात्री डब्याइतकीच ही फाइल हवी होती.

पिशवी कुठे आहे हे तू, मिस्टर आणि मुलगी, तिघांना माहीत हवं. मुलगी त्या रात्री डबा घेऊन धावली, आता तिच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. फक्त हे घराबाहेर बोलायचं नाही, एवढं तिला बजाव. पिशवीत एक छोटी वही. कोणी काढले, कशासाठी, किती. पुढच्या पगाराला भरून टाकायचे. भिशीचा हप्ता, शेजारणीची नड, सणाची साडी यासाठी पिशवी उघडायची नाही. सासूबाईंच्या पदराच्या गाठीत काय आहे ते मात्र कोणी मोजायला जाऊ नका. त्या वयात तेवढी मुभा असू दे.

आता तुझे पैसे. शिलाईचा हिशेब वहीत असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर उरलेल्यांतले निम्मे तुझे धर आणि पुढे जा, पैन् पैचा वाद घालत बसू नकोस. तुझ्या एकटीच्या नावाचं खातं काढ, आधीच जनधनचं असेल तर तेच चालव. नॉमिनी म्हणून कोणाचं तरी नाव लाव. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना शंभर रुपयांपासून सुरू होते, ती शिलाईच्या पैशांना छान पडते. हे खातं आहे, हे मिस्टरांना आजच सांग. त्यात किती आहेत ते दर महिन्याला सांगायची गरज नाही. ते विचारतील तेव्हा खोटं मात्र बोलू नकोस.

घरात किती रोकड ठेवावी याला कायद्याची मर्यादा नाही. ती आली कुठून हे विचारलं तर सांगता यायला हवं. म्हणून शिलाईची वही आजपासून नीट ठेव, गिऱ्हाइकाचं नाव आणि रक्कम, बस्स. मित्राचे 30 हजार रोख घेतले असतील तर तेही नियमात बसत नाही. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घेताही येत नाहीत आणि फेडताही येत नाहीत. ते अजून बाकी असतील तर घराच्या हिश्श्यातून बँकेमार्फत फेडून टाका, आणि घराची पिशवी दोन-चार महिन्यांत हळूहळू भरा. माझ्या मते तुझ्या मिस्टरांचा अबोला सोडवायला याच्याइतका सरळ रस्ता दुसरा नाही. तुझ्या माफीपेक्षा मित्राच्या खात्यात गेलेले पैसे त्यांना लवकर पटतील.

हे बोलणं रात्री झोपताना काढू नकोस. रविवारी मिसळ खाऊन पोट भरलेलं असतं, मुलं बाहेर असतात, तेव्हा काढ. सासूबाईंना त्यात घेऊ नकोस. त्या तुझ्या बाजूने बोलतील आणि त्यानेच मिस्टर बिथरतील.

एक गोष्ट तुला लागू नसेलही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल. नवरा दारू पितो, मारतो, बायकोची मजुरी हिसकावून घेतो, अशा घरात मी वरचं काहीही सांगणार नाही. तिथे पैसे लपवायलाच हवेत, तेही घराबाहेर, स्वतःच्या खात्यात, पासबुक माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवून. आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे, ती वापरायला लाजू नये. तुझ्या पत्रात असलं काही नाही. तुझे मिस्टर दुखावलेले आहेत, दुष्ट नाहीत.

राहिल्या त्या चार गुलाबी नोटा. रिझर्व्ह बँकेने 19 मे 2023 ला त्या चलनातून काढत असल्याचं जाहीर केलं आणि बँकांमध्ये त्या 7 ऑक्टोबर 2023 पर्यंतच घेतल्या गेल्या. म्हणून आता कोणतीही शाखा हात लावणार नाही. पण नोटा रद्द झालेल्या नाहीत, तुझे आठ हजार बुडालेले नाहीत. मुंबई, बेलापूर किंवा नागपूरच्या रिझर्व्ह बँक कार्यालयात त्या खात्यात जमा करून घेतात, आणि तिथवर जायचं नसेल तर पोस्टातून विमा उतरवून पाठवता येतात. सोबत अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचे तपशील लागतात. म्हणजे आधी खातं उघड, मग पोस्टात जा, आणि अर्जावर तुझ्या त्या नव्या खात्याचा नंबर घाल.

— तुझी मावशी