वाचकांचे प्रश्न : माबू, चिनी भिंगरी आणि रबरी खांब

प्रश्न : आम्ही सहा-सात मुलं संध्याकाळी वुशूचा, म्हणजे चिनी युद्धकलेचा, सराव करतो. 'माबू'त, म्हणजे घोड्याच्या पवित्र्यात, मिनिटभर थांबलं की माझ्या उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला कळ येते. हा पवित्रा सोडून देऊ का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : सोडू नका. वेळ मोजणं मात्र काही दिवस थांबवा आणि आधी अंतर मोजा. वुशूतल्या छांगछुआन शैलीच्या माबूत दोन पायांमधलं अंतर आपल्याच पावलाच्या साधारण तिप्पट असतं. पाऊल २५ सेंटीमीटर असेल तर ७५. अंगणात खडूने दोन खुणा करून घ्या. चवडे सरळ समोर, मांड्या जवळजवळ जमिनीला समांतर, पाठ ताठ, टाचा टेकलेल्या, आणि गुडघे पायाच्या बोटांपुढे जायचे नाहीत.

तुमचं दुखणं बहुधा खुब्यातून आलेलं आहे. खुबा पुरेसा उघडला नाही की चवडा समोर राहतो आणि गुडघा आत कलतो. हा पीळ नेमका गुडघ्याच्या आतल्या बाजूला बसतो. मोबाइल समोर जमिनीलगत ठेवून चित्रण करा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसली पाहिजे. अंगठ्याच्या आत दिसत असेल तर चवडे थोडे बाहेर वळवा, बैठक निम्मी वर घ्या आणि गुडघे बोटांच्या दिशेने ढकलून धरा. २० सेकंदांच्या चार खेपा, मध्ये एक मिनिट विश्रांती. दर आठवड्याला पाच सेकंद वाढवा. मांड्या पेटल्यासारख्या झाल्या तर चालेल. सांध्यात टोचलं की त्या दिवशी तिथेच थांबायचं. सूज आली किंवा गुडघा अडकल्यासारखा वाटला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

जमीनही पाहा. पावसाळ्यात पडवीच्या गुळगुळीत फरशीला ओल सुटते. पाय नकळत बाहेर सरकतात, त्यांना आत ओढून धरण्यात सगळा ताण गुडघ्यावर येतो. त्यापेक्षा खरखरीत चिऱ्याचं अंगण बरं. आणखी एक : विंगचुन या दुसऱ्या चिनी शैलीतला उभा पवित्रा उंच आणि अरुंद असतो, त्यात चवडे आत वळवलेले असतात. मोबाइलवर पाहून तो माबूत मिसळला तर गुडघ्याची वाट लागलीच म्हणून समजा.

प्रश्न : भाच्यासाठी डायबोलो आणला, म्हणजे दोन वाट्या मधल्या आसाने जोडलेली, दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवायची भिंगरी. दोरीवर फिरतो, पण लगेच एका बाजूला कलंडतो. – एक मावशी, मालवण

उत्तर : हे चिनी 'खोंगजू'चं रूप. दोरीवर ती फिरवण्याच्या कलेला चीनने २००६ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जुन्या बांबूच्या खोंगजूला खाचा असतात, त्यांतून वारा गेला की ती घुमते. खेळणाऱ्याला वेग कानानेच कळतो.

आधी दोरी तपासा. हात कंबरेशी असताना डायबोलो जमिनीच्या जरा वर लोंबकळावा, एवढीच लांबी ठेवा. मुलाच्या हातात मोठ्यांची दोरी दिली की तो हात खांद्यावर उचलतो आणि सगळा ताबा जातो. भाचा उजखुरा असेल तर डायबोलो जमिनीवर उजवीकडून डावीकडे घरंगळवून उचलायचा, मग उजव्या हाताने झटके द्यायचे. डावा हात फक्त सैल साथ देतो. दोन्ही हात सारखे हलले तर वेग येतच नाही, आणि वेग नसलेली भिंगरी कलंडणारच.

आता कलंडणं. पलीकडची वाटी खाली झुकली, तर उजवी काठी स्वतःकडे ओढा. अलीकडची झुकली, तर उजवी काठी पुढे ढकला. डावी जागेवरच. दोरी वाटीच्या कडेला घासते आणि आस हळूहळू सरळ होतो. चार-पाच झटके लागतात, घाई नको. आस आडवा वळत चालला असेल तर त्याला ओढू नका, मुलानेच त्याच्याबरोबर वळावं. तुमच्याकडच्या दमट हवेत सुती दोरी ओलसर होऊन घासते, म्हणून खेळून झाल्यावर ती सुकवा. आस लोखंडी असेल तर खारट वाऱ्याने गंजतो. कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.

प्रश्न : मी पुरलेल्या मल्लखांबावर खेळते. सर्कशीतला चिनी खांब मला जमेल का? – एक खेळाडू, रत्नागिरी

उत्तर : ताकद आणि धीटपणा तुमच्याकडे आहे, पकड नव्याने शिकावी लागेल. आपला खांब लाकडी, बुडाशी जाड, वर निमुळता होत बोंडाशी संपणारा. त्याला एरंडेल लावतात. चिनी खांब बहुधा तीन ते नऊ मीटर उंच, पाच ते आठ सेंटीमीटर जाड, आणि त्यावर रबराचं आवरण. तिथे तेलाचा थेंबही नको. रबर कातडी सोलतं, म्हणून कलाकार जाड, लांब कपडे आणि बूट घालतात. मल्लखांबासारखी उघड्या मांड्यांनी तेढी (पायांची पकड) घालायला गेलात तर पहिल्याच घसरणीत भाजल्यासारखा ओरखडा उठेल.

खांब बारीक असल्याने तळवा पूर्ण मिटतो, त्यामुळे मनगटावर आणि खांद्यावर जास्त ताण येतो. पहिला महिना दीड मीटरच्या वर जाऊ नका, खाली जाड गादी हवीच, आणि उतरताना दोन्ही पायांनी खांब आवळायला शिका. खांब हातांनी धरून आडवं तरंगून दाखवायची घाई सगळ्यांना असते, पण खांदा दुखावतो तो तिथेच.

प्रश्न : हातांवर उभं राहायचा सराव किनाऱ्यावर केला तर चालेल? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ओहोटीनंतर घट्ट बसलेल्या ओल्या वाळूवर चालेल. भुसभुशीत वाळूवर नाही. तोल पाठीकडे गेला की बोटांची टोकं जमिनीत दाबून तो परत आणायचा असतो. मऊ वाळूत बोटं रुततात आणि दाबायला काही उरतच नाही. चीनच्या हपै प्रांतातला वुछ्याव तालुका कसरतपटूंचं माहेरघर म्हणून ओळखला जातो. कंबर, पाय, हातांवर उभं राहणं आणि कोलांट्या हा चिनी कसरतींचा पायाच. तुम्ही आधी घरी भिंतीकडे छाती करून, तळवे भिंतीपासून वीतभर दूर ठेवून, ३० सेकंदांच्या पाच खेपा करा. खांदे कानांकडे वर ढकला, पोट आवळा. पोट सैल पडलं की कंबर केळ्यासारखी वाकते आणि दुसऱ्या दिवशी तीच दुखते.