पन्नास हजारांत कुणाला कोणता डीएसएलआर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात राहता, दोन-तीन वर्षं मोबाइलवर मन लावून फोटो काढताय, आता डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाय, बजेट ५० हजार. गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज (मिरवणुकीत पेलतात त्या उंच सजवलेल्या काठ्या) आणि नान्नजच्या माळावरचे पक्षी-काळवीट हे आवडीचे विषय, शिवाय घरात पळणारं पोर आहे. दुकानदार म्हणतो, नवीन आहात, कॅनन १५००डी घ्या. मित्र म्हणतो, पुन्हा पुन्हा खर्च कशाला, एकदाच जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे. माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. वापरलेला पण मधल्या फळीतला कॅमेरा घ्या, निकॉन डी७२०० किंवा कॅनन ८०डी. का ते सांगतो, कारण यात बऱ्याच जणांची गल्लत होते.

'एंट्री लेव्हल' ही लेव्हल किमतीची असते, शिकणाऱ्याची नाही. १५००डीचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, २४.१ मेगापिक्सेलचा, निकॉन डी३५००चा २४.२ आणि डी७२००चाही २४.२. भर दुपारी तिन्हींनी एकच देऊळ टिपलं आणि ए४ आकारात छापलं, तर कुठला फोटो कशाचा हे तुम्हाला ओळखता येणार नाही. मग वरच्या मॉडेलला जास्त पैसे कशाचे? डायल (सेटिंग बदलायची चाकं), व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी), फोकस, धूळ-ओलाव्यापासूनचं संरक्षण यांचे. आणि यातल्या पहिल्या तीन गोष्टी शिकणाऱ्यालाच जास्त लागतात.

डायलचं बघा. संध्याकाळी नंदीध्वजांची मिरवणूक चालली आहे. उजेड मिनिटामिनिटाला उतरतोय, मध्येच दुकानाच्या दिव्यांचा झोत येतो, पुढे पुन्हा अंधार. मॅन्युअल मोडवर शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) बदलायचं तर १५००डीवर तर्जनीने चाक फिरवायचं. अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं ते) बदलायचं असेल तर अंगठ्याने मागचं एव्ही बटण दाबून धरायचं आणि तेच चाक फिरवायचं. डी३५००चीही तीच तऱ्हा, फक्त बटण वर शटरजवळ. घरी बसून हे सहज जमतं. गर्दीत धक्के खाताना पकड ढिली होते, नजर व्ह्यूफाइंडरमधून निघते आणि समोरचा क्षण गेलेला असतो. डी७२००वर अंगठ्याखाली एक चाक आणि तर्जनीखाली दुसरं. एकाने शटर, दुसऱ्याने अॅपर्चर, डोळा जागचा हलत नाही. मुरलेला माणूस एका चाकावरही निभावून नेतो, कारण त्याला काय बदलायचं ते आधीच ठाऊक असतं. नवा माणूस सतत चाचपडत असतो, त्याला चाचपडणं सोपं हवं. एका चाकाला कंटाळून कायमचे ऑटोवर गेलेले कितीतरी जण मला माहीत आहेत.

व्ह्यूफाइंडरचं कुणी दुकानात सांगत नाही. स्वस्त बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आरशांचा जोड असतो, ज्याला पेंटामिरर म्हणतात. मधल्या फळीपासून पुढे काचेचा भरीव पेंटाप्रिझम येतो. १५००डीत फोटोचा ९५ टक्केच भाग दिसतो आणि तोही जरा अंधारा, लहान. डी७२०० आणि ८०डीत शंभर टक्के दिसतो. कडेला कुणाचा हात, वायर, झेंड्याची काठी शिरली ती फोटो काढतानाच कळते, घरी आल्यावर नाही. दुकानात दोन्ही कॅमेरे पाठोपाठ डोळ्याला लावून बघा, मी जास्त बोलायची गरज पडणार नाही.

आता फोकस. १५००डीला व्ह्यूफाइंडरमध्ये ९ फोकस पॉइंट (फोकस पकडणारे ठिपके), तेही मध्यभागी जमलेले, आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप. म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांवर पकड घेणारा तो एकच. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात पोर फ्रेमच्या कडेला पळालं की बाकीचे पॉइंट पुढे-मागे शोधत बसतात. डी३५००ला ११ पॉइंट, डी५६००ला ३९, डी७२००ला ५१ आणि त्यातले १५ क्रॉस टाइप. ८०डीला ४५ आणि सगळेच क्रॉस टाइप. वेगाचं म्हणाल तर १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो, डी७२०० ६ आणि ८०डी ७. काळवीट उडी मारतं तेव्हा तीन आणि सहातला फरक चांगलाच जाणवतो.

तुम्ही खरंच मधल्या फळीला तयार आहात का, हे तपासायची साधी रीत आहे. मोबाइलमधले फसलेले फोटो उघडा आणि प्रत्येक का फसला ते सांगून बघा. हात हलला म्हणून सगळंच पुसट झालंय? समोरचा हलला म्हणून तोच तेवढा पुसट, मागची भिंत मात्र स्वच्छ? की फोकसच भलतीकडे गेलाय? हे वेगळं ओळखता येत असेल, तर दोन चाकं तुम्हाला जड जाणार नाहीत. ओळखता येत नसेल पण ओळखायची हौस असेल, तरी हरकत नाही, महिन्याभरात येईल. आणि 'मला यातलं काही नको, फोटो चांगला आला पाहिजे' असं आतून वाटत असेल, तर तेही रास्तच आहे. त्या माणसाने कॅनन २००डी मार्क २ घ्यावा. बॅटरी-कार्डासकट साधारण ४५० ग्रॅम, स्क्रीन बाहेर वळतो, टचने फोकस होतो, आणि स्क्रीनवर बघून काढताना चेहऱ्यावरची पकड १५००डीपेक्षा कितीतरी चांगली. एक मेख आहे: त्याच्या हॉट शूवरची (वर फ्लॅश बसवायच्या खाचेतली) मधली पिन कंपनीने काढून टाकली आहे, त्यामुळे बाजारातले साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. पुढेमागे फ्लॅश लावून घरगुती कार्यक्रम करायचा विचार असेल तर हे आधीच लक्षात ठेवा.

मग १५००डी कुणी घ्यावा? कॉलेजात पत्रकारितेच्या कोर्सला कॅमेरा लागतोय आणि हात आखडता आहे, अशांनी. वाईट कॅमेरा नाही तो. कॅनन ३०००डी मात्र कुणीच घेऊ नये. लेन्स बसते ती रिंगच प्लास्टिकची आहे, आणि चष्म्याच्या नंबरानुसार व्ह्यूफाइंडर जुळवायची सोयही दिलेली नाही.

मित्राच्या फुल फ्रेमबद्दल. त्याच्या डोक्यात बहुधा कॅनन ६डी असणार, २०१२चा. अंधारात तो आजही सुरेख चालतो, यात्रेच्या रात्रीसाठी मी डोळे झाकून नेईन. पण त्याला ११ फोकस पॉइंट, क्रॉस टाइप पुन्हा एकच, वेग सेकंदाला साडेचार. आणि खरा खर्च लेन्सचा. मी सुचवलेल्या कॅमेऱ्यांच्या लहान सेन्सरवर ३०० एमएमची लेन्स निकॉनला ४५० एमएमएवढा आवाका देते, कॅननला ४८०. फुल फ्रेमवर ३०० म्हणजे ३००च. माळावर आडोसा नसतो, काळवीट तुम्हाला लांबूनच बघतं आणि सरकतं. तिथे तेवढा आवाका पुन्हा मिळवायला जी लेन्स लागेल, ती तुमच्या बजेटमध्ये एकटीसुद्धा बसणार नाही.

फुल फ्रेमकडे, किंवा त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन मेमरी कार्डं बसणाऱ्या बॉडीकडे, वळायची वेळ येते ती पैसे घेऊन काम करायला लागल्यावर. निकॉन डी७५०, कॅनन ५डी मार्क ३ या बॉडी लग्नवाल्यांकडे दिसतात त्याचं एक मोठं कारण मेगापिक्सेल नाही, दुसरं कार्ड आहे. एक कार्ड मेलं तर दुसऱ्यावर फोटो असतात. अक्षता पुन्हा पडत नाहीत. गंमत म्हणजे डी७२००ला दोन कार्डं आहेत आणि त्याच्यानंतर २०१७ला आलेल्या डी७५००ला एकच. नवं ते जास्तच असेल असं धरून चालू नका.

लेन्सवर येतो, कारण ५० हजारांतला मोठा वाटा इथे राखून ठेवायचाय. किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ पूर्ण झूमवर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते). ५० एमएमची एफ/१.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. हिशोब मिरवणुकीत लावून बघा: किट लेन्सवर शटर १/३० मिळत असेल, तर त्याच आयएसओवर (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्यावर) या लेन्सने सुमारे १/३०० मिळेल. १/३०ला नंदीध्वज पेलणाऱ्याचा चेहरा पुसट येईल, १/३००ला त्याच्या कपाळावरचा घाम दिसेल. १५००डीवर ही लेन्स लावलेला माणूस किट लेन्सच्या डी७२००वाल्याला त्या रात्री मागे टाकेल, हे मी माझ्याच शिफारशीविरुद्ध प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून बॉडीवर साठ टक्क्यांच्या वर जाऊ नका. एक ५० किंवा ३५ एमएम एफ/१.८ आणि एक ३०० एमएमपर्यंत जाणारी झूम, एवढ्यात तुमचे तिन्ही विषय झाकले जातात. घरातल्या खोलीत ५० एमएम जवळ वाटते, तिथे ३५ बरी.

निकॉनमध्ये एक खाचखळगा आहे. डी३५००, डी५६०० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. 'डी' अक्षराची जुनी ५० एमएम स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीत, तर या बॉडींवर हाताने फोकस करत बसाल. डी७२००मध्ये मोटर आहे, त्यावर ती चालते. तरीही मी एएफ-एस (फोकसची मोटर लेन्समध्येच असलेल्या) लेन्सच घ्या म्हणेन. उद्या मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) गेलात तर निकॉनच्या अॅडॅप्टरवर एएफ-एसचा ऑटोफोकस चालतो, 'डी'चा चालत नाही. झूममध्ये एएफ-एस ७०-३०० व्हीआर (हाताचा हादरा सावरणारी) बघा. एएफ-पी लिहिलेल्या नव्या लेन्स सगळ्या बॉडींवर धड चालत नाहीत, त्यामुळे नुसता स्वस्त भाव बघून उचलू नका.

मिररलेसचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या भावाने विचारलेलं 'आता डीएसएलआर कोण घेतं?' हेही उरकतो. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे डीएसएलआर २०२०चे, सगळं नवं काम मिररलेसवर चाललंय. खिशात लाखभर रुपये असते तर मीही तुम्हाला तिकडेच धाडलं असतं. ५० हजारांत मात्र चित्र उलटं आहे. लोक धडाधड डीएसएलआर विकून मिररलेसला जातायत, त्यामुळे चांगल्या बॉडी आणि त्याहून चांगल्या लेन्स वापरलेल्या बाजारात येऊन पडल्यात. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स तर अॅडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर उत्तम चालतात, म्हणजे लेन्सचे पैसे बुडत नाहीत.

वापरलेला घेताना काय बघायचं? आधी शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत तो आकडा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच तो लिहिलेला असतो, एक फोटो काढून घ्या आणि वाचून बघा. डी७२००चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं आहे, ८०डीचं एक लाखापर्यंत. चाळीस-पन्नास हजार फोटोंच्या आतला हौशी माणसाचा कॅमेरा मिळाला तर सोनं. हॉट शू घासून पांढरा पडला असेल तर तो फ्लॅशखाली लग्नं करून आलाय असं समजा, मालक काहीही सांगो. मग लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, तिथेच नमस्कार करून निघा. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्समध्ये हे फार. सोलापूरच्या कोरड्या हवेत तुम्हाला तो त्रास कमी, पण तुमच्याकडे धूळ आहे. म्हणून एफ/१६ला आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून बघा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, फक्त भाव पाडून घ्या. ओरखडे असतील तर मात्र नको.

खरेदी ओळखीतून जमली तर उत्तम, नाहीतर पुण्याला किंवा मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात एक दिवस काढा. तिथे वापरलेल्या बॉडी दुकानात हातात घेऊन बघता येतात. सोबत तुमचं स्वतःचं कार्ड न्या, फोटो त्यावर काढून घरी कॉम्प्युटरवर बघा आणि मग पैसे द्या. बॅटरी कंपनीचीच आहे ना ते विचारा. आणि बॅग, ट्रायपॉड, फिल्टर असं 'फुकट' देतो म्हणाले तर ते राहू द्या, त्याबदल्यात एक चांगल्या कंपनीचं ६४ जीबीचं कार्ड मागा.