राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्यावर किती खर्च करावा?

तुमचा प्रश्न असा : तुमची हौशी संस्था यंदा पहिल्यांदाच राज्य नाट्य स्पर्धेत पुणे केंद्रावर दोन अंकी नाटक करतेय, पैसे बेताचे आहेत, आणि नाटकाचा नंबर आला नाही तरी निदान नेपथ्य-प्रकाशाचं बक्षीस मिळावं म्हणून त्यावर जोर द्यावा का. मी हौशी संस्थांसाठी प्रकाशयोजना करते, म्हणजे तुम्ही माझ्याच खात्यावर खर्च करायचं म्हणताय. तरीही सांगते, करू नका. तो पैसा तालमींकडे वळवा.

बक्षिसांची रचना आधी थोडक्यात. ही स्पर्धा राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं. केंद्राकेंद्रांवर प्राथमिक फेरी होते आणि तिथून निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. नाट्यनिर्मितीच्या क्रमांकांशिवाय दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा यांची वेगळी बक्षिसं असतात, अभिनयाला रौप्यपदकं आणि गुणवत्ता प्रमाणपत्रं असतात. त्यामुळे नाटक मागे राहिलं तरी एखाद्या विभागात नाव लागू शकतं, हा तुमचा हिशेब बरोबर आहे. पण खर्च दिसला की बक्षीस मिळतं, हे मात्र खरं नाही.

एका वर्षीची गोष्ट सांगते. एका संस्थेने टेम्पो भरून वाडा आणला होता. चौक, तुळशीवृंदावन, माडीवर जाणारा जिना. पडदा उघडताच टाळ्या पडल्या. पुढे अख्ख्या नाटकात त्या जिन्यावर एकच माणूस एकदाच चढला. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका संस्थेकडे दोन लेव्हल (उंच चौथरे), दाराची एक चौकट आणि वडिलांची आरामखुर्ची, एवढंच होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी वडील जातात. दुसऱ्या अंकात खुर्ची जागची हलवलेली नव्हती, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिला वळसा घालून जात होतं. कुणी तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. शेवटाकडे धाकटी सून घाईत तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकते, तेव्हा थिएटरात अक्षरशः श्वास रोखलेले ऐकू आले. नेपथ्याचं बक्षीस या खुर्चीला मिळालं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

पुण्याला हे नवीन नाही. १९७२ च्या डिसेंबरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातल्या नाट्यसंस्थेने) भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ पहिल्यांदा केलं, तेव्हा त्यातलं सगळ्यात मोठं नेपथ्य म्हणजे माणसांची रांग होती. तीच भिंत, तोच पडदा, तेच पुणं. पुरुषोत्तम करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेतही लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांनाच मान, नेपथ्याचा डामडौल तिथे चालत नाही. तिथल्या परीक्षकांनी २०२२ साली करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर खूप वाद झाला, मुलांना वाईट वाटलं, मलाही त्यांच्यासाठी वाटलं. तरी मी परीक्षकांच्या बाजूची आहे. आलेल्यांतला पहिला एवढ्यावरच करंडक जायला लागला, तर त्याची किंमत काय राहील?

आता प्रकाशाबद्दल, कारण इथे हौशी नाटकं सगळ्यात जास्त मार खातात. प्रवेश संपला की ब्लॅकआउट, पुढच्या प्रवेशासाठी सामान हलवा, परत उजेड. असं सहा-सात वेळा झालं की नाटकाची पकड सुटते. अंधारात लोक खोकतात, मोबाइल काढतात, आणि नटाला दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागते. दिग्दर्शकासोबत बसून यातले निम्मे ब्लॅकआउट काढून टाका. एका कोपऱ्यातला प्रवेश संपत असतानाच दुसरा कोपरा हळूहळू उजळू द्या. याला जास्तीचा एकही दिवा लागत नाही, फक्त कोणत्या वाक्यावर काय होणार हे पाठ असावं लागतं. त्यासाठी हॉल भाड्याने घेऊन दिव्यांसकट, कपड्यांसकट निदान एक पूर्ण रंगीत तालीम करा. नेपथ्याचे पैसे इथे घाला. प्रयोगाच्या दिवशी सेट उभारण्यातच वेळ जातो, फोकसिंग, म्हणजे दिवे नेमक्या जागी रोखणं, जेमतेम होतं. तेव्हा नटाला पहिल्यांदा कळलं की आपला स्पॉट दोन फूट पुढे आहे, तर तो सगळा प्रयोग चाचपडत करतो.

शक्य असेल तर तुमच्या आधीची नाटकं रोज संध्याकाळी जाऊन बघा, पूर्ण ग्रुपने. तिकीट नाममात्र असतं. समोर नेमाने येणारी जाणकार मंडळी असतात, त्यांच्याशी मध्यंतरात बोला.

आणि हे सगळं करण्याआधी लेखकाची लेखी परवानगी आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र आहे का ते बघा. नवीन संहिता असेल तर आजच पाठवा, प्रवेशिकेची मुदत तुमच्यासाठी थांबणार नाही.