बनावट नोटा, पोलिसांची नोटीस आणि कलम १७९

प्रश्न : मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं साड्या आणि मॅचिंग ब्लाउजपिसांचं दुकान आहे. लग्नसराईतला दोन दिवसांचा गल्ला बँकेत भरायला नेला, त्यात ५०० रुपयांच्या सहा नोटा बनावट निघाल्या. कॅशियरने त्यांवर शिक्का मारला, नोटा ठेवून घेतल्या आणि एका कागदावर सही मागितली. मी घाबरून सही न करता, पावतीही न घेता निघून आले. आठवड्याने पोलिसांची नोटीस आली : ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७९ अन्वये जबाबासाठी पोलीस ठाण्यात हजर राहावे.’ मुलाने मोबाइलवर कलम १७९ शोधलं, तर त्याला जन्मठेप आहे म्हणे. त्यातच दुकानाच्या ड्रॉवरमध्ये तसलीच आणखी एक नोट सापडली. दीर म्हणतात, आठवडी बाजारात खपवून टाकू, नाहीतर जाळून टाकू. मला अटक होईल का?

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने कलम बरोबर वाचलं, पण ते दुसऱ्या कायद्याचं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी ‘भारतीय न्याय संहिता’ आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ‘भारतीय नागरिक सुरक्षा संहिता’. बनावट नोट जाणूनबुजून खरी म्हणून चालवणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारं १७९ हे न्याय संहितेतलं. तुमच्या नोटिशीतलं १७९ नागरिक सुरक्षा संहितेतलं आहे. घटनेची माहिती असलेल्या माणसाला तपास अधिकारी साक्षीदार म्हणून बोलावतो, ते हे कलम. १८० चंही तसंच आहे. न्याय संहितेत ते बनावट नोटा जवळ बाळगण्याबद्दल आहे, नागरिक सुरक्षा संहितेत साक्षीदाराचा जबाब घेण्याबद्दल. या आकड्यांनी हल्ली बऱ्याच घरांची झोप उडते, म्हणून कोणत्याही नोटिशीत आकड्याच्या आधी कायद्याचं नाव वाचा.

म्हणजे आजच्या घडीला पोलीस तुमच्याकडे साक्षीदार म्हणून बघत आहेत. उद्या ‘कलम ३५(३)’ची नोटीस आली, तर मात्र तुमच्यावर संशय आहे असं समजा आणि वकिलाला सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका. न्याय संहितेच्या १७९ चा गुन्हा अजामीनपात्र आहे. प्राथमिक माहिती अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत आताच मिळवा आणि आरोपीच्या जागी ‘अज्ञात इसम’ आहे की तुमचं नाव, ते पाहा. तुमचं नाव असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज लगेच करावा लागेल. त्यात एक दिवसही दवडू नका.

आणखी एक. साक्षीदार म्हणून बोलावताना स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असं त्याच कलमात म्हटलं आहे. स्वतःहून ठाण्यात जायचं असेल तर जाऊ शकता. जायचं नसेल तर ‘माझा जबाब घरी घ्यावा, मी पूर्ण सहकार्य करीन’ असा साधा अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. नोटिशीकडे दुर्लक्ष करून गप्प बसणं मात्र अंगाशी येईल. जबाबात खरं तेच सांगा. नोट कोणी दिली ते आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच सांगा, अंदाजाने कोणा गिऱ्हाइकाचं नाव घेऊ नका. लिहिलेला जबाब वाचून दाखवायला सांगा. तपासात साक्षीदाराने दिलेल्या अशा जबाबावर सही घ्यायची नाही, असं कायदाच सांगतो.

बँकेने पोलिसांत का कळवलं, याचा राग धरू नका. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात त्या पोलिसांकडे पाठवते. पाच किंवा त्याहून जास्त निघाल्या तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार तिला फिर्याद द्यावीच लागते. तुमच्या सहा होत्या. शिक्का मारलेली नोट बँक परत देऊ शकत नाही आणि तिची रक्कम खात्यात जमाही करू शकत नाही. पावती मात्र तुम्ही सही नाकारली तरी द्यायची असते. उद्याच शाखेत लेखी अर्ज देऊन ती मागा. त्या सहा नोटांचे नंबर तिच्यावर असतील आणि तुम्ही त्या उजळ माथ्याने काउंटरवर दिल्या याचा तोच पुरावा आहे. खोट्या आहेत हे ठाऊक असलेला माणूस स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने भरणा करायला सहसा जात नाही.

कायद्याचा सगळा भार ‘जाणीव’ या गोष्टीवर आहे. नोट बनावट आहे हे माहीत होतं, किंवा तसं मानायला पुरेसं कारण होतं, हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. २००१ साली उमाशंकर विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला याच मुद्द्यावर सोडलं. त्याने दुकानात १०० रुपयांची बनावट नोट दिली असा आरोप होता, पण ती बनावट असल्याची जाणीव त्याला होती हे सिद्ध झालं नव्हतं. त्याआधी १९७९ च्या एम. मम्मुट्टी खटल्यात न्यायालयाने विचारलं होतं की नोटा बघताक्षणीच कोणाही सामान्य माणसाला खोट्या वाटाव्यात अशा होत्या, याचा पुरावा कुठे आहे? हे दोन्ही निकाल जुन्या कायद्यातले असले तरी नव्या कलमांत जाणिवेची अट तीच आहे. शिवाय कलम १८० ला आता स्पष्टीकरण जोडलं आहे : नोट कायदेशीर मार्गाने हाती आल्याचं दाखवून दिलं तर ती बाळगणं या कलमाखाली गुन्हा ठरत नाही. म्हणून त्या दोन दिवसांची बिलं, विक्रीची वही, भरण्याची स्लिप, सगळं एकत्र ठेवा. दुकानात कॅमेरा असेल तर चित्रण आजच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बरीच यंत्रं थोड्या दिवसांत जुनं चित्रण पुसतात.

आता सातवी नोट. तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती हिची. त्या सहा नोटा भरताना तुम्हाला काही माहीत नव्हतं आणि तोच तुमचा बचाव आहे. सातवीबद्दल मात्र तुम्हालाही माहीत आहे आणि दिरांनाही. ती बाजारात चालवली की भाजीवाल्या बाईचे पाचशे बुडतील आणि जो गुन्हा आज तुमच्या वाऱ्यालाही नाही, तो खरोखर घडेल. दिरांनाही हे स्पष्ट सांगा. चांगल्या घरातली माणसं अडकतात ती इथेच, ‘आपल्याला कोणीतरी फसवलं, आपण पुढे ढकलू’ या विचाराने. जाळूही नका. तपास चालू असताना ती नोट पुरावा आहे आणि पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. पाकिटात घाला, नंबर लिहून ठेवा आणि जबाबाच्या वेळी ‘ही नंतर सापडली’ असं लिहिलेल्या अर्जासोबत तपास अधिकाऱ्याकडे द्या. पोच घ्या. नोटा खऱ्या की खोट्या याचा न्यायालयात चालणारा अहवाल शेवटी नोट छापखान्याचे किंवा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे तज्ज्ञ देतात.

तीन हजार रुपये गेले, ते परत मिळायचा व्यवहार्य मार्ग नाही. भरपाईची तरतूद नाही. सातवीचे पाचशेही त्यातच धरा.

पुढच्या गर्दीसाठी गल्ल्यावर बसणाऱ्या मुलींना ५०० च्या नोटेच्या मोजक्या खुणा शिकवा. नोट कलती केली की सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. समोरच्या बाजूला खाली उजवीकडे ‘₹५००’ हा आकडा आहे, त्याची शाईही तशीच बदलते. नुसती चकाकणारी हिरवी पट्टी चिकटवलेली असेल तर रंग पालटत नाही. डाव्या-उजव्या कडेला पाच-पाच उठावदार रेघा आहेत, त्या बोटाला लागतात. नोट जुनी झाली की उठाव कमी होतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये. उजेडात धरली की कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा आणि ५०० दिसतो. नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. नंबरात तारा (*) असलेली नोट खोटी, ही अफवा आहे. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या बदली तशी नोट घातलेली असते आणि ती खरी आहे, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये केला होता. शंका आली तर खात्रीची दुसरी नोट शेजारी धरून बघा आणि गिऱ्हाइकाशी वाद न घालता ‘ही बदलून द्या’ म्हणा. एकाच माणसाने तसल्या चार-पाच नोटा काढल्या तर वस्तू देऊ नका, त्याला अडवायलाही जाऊ नका, ११२ वर फोन करा.