निगेटिव्ह कंट्रोल आधी, रिपोर्ट नंतर
सिक्वेन्सिंगला, म्हणजे नमुन्यातला डीएनए वाचून जंतू ओळखायला, नव्याने सुरुवात करतोयस, तर सगळ्यात आधी निगेटिव्ह कंट्रोलची सवय लाव. नळीत नुसतं शुद्ध पाणी घ्यायचं, पण डीएनए काढण्यापासून शेवटपर्यंत नमुन्यावर जे करतोस ते सगळं त्याच्यावरही करायचं. किटमधल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए असतो. एकदा मणक्यातल्या पाण्याच्या नमुन्यात मला राल्स्टोनिया हा जिवाणू सापडला. मी हरखून गेले, आणि कंट्रोलच्या नळीतही तोच निघाला! तेव्हापासून कंट्रोल नसलेला रिपोर्ट मी पुढे जाऊ देत नाही.

थुंकीचं थेट सिक्वेन्सिंग केलंस तर बरेचदा बहुतेक रीड्स (डीएनएचे वाचलेले तुकडे) माणसाचेच येतात. म्हणून ‘जंतू सापडला नाही’ याचा अर्थ ‘जंतू नाही’ असा लावू नकोस.

औषधरोध, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही हे ओळखणं, मात्र क्षयरोगावरच शिक. क्षयाच्या जंतूच्या आरपीओबी (rpoB) जनुकात ४५० व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन आलं की रिफाम्पिसिन हे औषध चालत नाही. केएटीजी (katG) जनुकात ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन आलं की आयसोनियाझिड या औषधाचं तेच. पण दिसलेला प्रत्येक बदल म्हणजे रोध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची उत्परिवर्तनांची (जनुकातल्या बदलांची) यादी (२०२१, सुधारित २०२३) शेजारी उघडी ठेव. तिथे ‘अनिश्चित’ असेल तर आपणही अनिश्चितच लिहायचं, डॉक्टर कितीही घाई करोत. त्या जागेवर रीड्स किती आहेत हेही स्वतः बघ. दहाच रीड्स असतील तर शेकडा पाच रोधी जंतू बहुधा निसटतील. शंका उरली की कल्चरवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंवर) औषधाची चाचणी करावी लागते, त्यासाठी नमुन्याचा थोडा भाग सुरुवातीलाच बाजूला काढून ठेव.