पंक्चर काढल्यापासून डिस्क घासतेय, बदलू का?

प्रश्न : माझ्या सायकलला पुढेमागे डिस्क ब्रेक आहेत, वायरवाले. मागच्या रविवारी त्र्यंबक रोडला पुढचं चाक पंक्चर झालं, रस्त्यातच काढून घेतलं, तेव्हापासून चाक फिरलं की खर्र खर्र येतं आणि सायकल जड चालते. दुकानात दाखवली तर म्हणे डिस्क वाकलीय, बदला. काय करू? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अहो थांबा, पैसे खिशातच राहू द्या. पंक्चरसाठी चाक काढलं होतं ना, मग पहिला संशय चाकावर, डिस्कवर नाही. चाक जरा तिरकं बसलं तरी डिस्क पॅडला लागते. सायकल उलटी न टाकता उभीच ठेवा, नट असतील तर बहुतेक १५ नंबरचा पाना लागेल नाहीतर क्विक रिलीज (पान्याशिवाय हाताने उघडणारी खटकी) असेल, ते ढिलं करा, हँडलवर भार द्या म्हणजे एक्सल (चाकाचा आस) खाचेत पूर्ण बसतो, आणि मग घट्ट आवळा. बऱ्याचदा काम इथंच संपतं.

नाही संपलं तर चाक उचलून फिरवा आणि कान द्या. सलग घासत असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंचे पॅड धरणारा भाग, सरकलाय. एका फेरीत एकदाच खर्र होत असेल तर मात्र तुमचा दुकानदार खरा, डिस्क एका जागी वाकलीय, पण तरी लगेच बदलायची गरज नाही, वाकलेल्या जागी पेनने खूण करायची आणि पान्याला स्वच्छ फडकं गुंडाळून अगदी केसभर, परत बघत बघत सरळ करायची. घाई केली की दुसरीकडे वाकते, मी केलंय हे.

कॅलिपरचं सांगतो. त्याला फोर्कवर (पुढच्या चाकाच्या चिमट्यावर) धरणारे दोन बोल्ट असतात, ५ नंबरच्या ॲलन कीने अर्धा फेरा ढिले करा, ब्रेकचा दांडा दाबून धरा (रबर बँड लावला तरी चालतो), आणि तसंच दाबलेलं असताना दोन्ही बोल्ट थोडा हा थोडा तो असे आवळा. वायरच्या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा बाहेरचाच पॅड हलतो, आतला, म्हणजे स्पोककडचा, जागेवर असतो आणि त्याचा वेगळा स्क्रू असतो, तो किंचित मागे घ्या, डिस्क आणि त्याच्यात व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढंच. जास्त घेतलात तर दांडा हँडलला टेकेल.

आवाज येतोय म्हणून तेल किंवा स्प्रे अजिबात मारू नका!! आवाज जाईल पण ब्रेकही जाईल, आणि तेल प्यायलेले पॅड बहुतेक टाकूनच द्यावे लागतात. फिरत्या डिस्कजवळ बोटं नकोत, आणि उतार उतरून आलात की हात लावू नका, चटका बसतो.

झालं की आधी गल्लीतच ब्रेक मारून बघा, मग सोमेश्वरपर्यंत चक्कर. पावसाळ्यात चिखल उडून चिरचिर होते ती वेगळी, दोनचार ब्रेक मारले की जाते, तिच्यासाठी पाना काढू नका.