गेमचा दुसरा भाग बहुतेक वेळा निराश का करतो? दोष बनवणाऱ्यांचा की आपल्याच अपेक्षांचा?

दोन्हींचा, पण खरा खलनायक बहुधा वेळापत्रक असतं. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर 2009 मध्ये आला आणि दुसरा भाग मार्च 2011 मध्ये. म्हणजे जेमतेम सोळा महिन्यांत! एवढ्या वेळात नवे नकाशे बनणार कधी? मग तीच गुहा पुन्हा पुन्हा. कधी डावीकडचा रस्ता दगडाने बंद, कधी उजवीकडचा. गंमत म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर बंद केलेला भागही दिसायचा, त्यामुळे चोरी लगेच पकडली जायची. खेळणारा वैतागणारच. मात्र बनवणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं समजू नका; तारीख ठरलेली असली की आहे तेच फिरवून वापरावं लागतं. आणि त्या भागातली पात्रं मला आजही पहिल्यापेक्षा आवडतात, कोणी काहीही म्हणो.

आपलाही वाटा आहेच. पहिला भाग आपण कोऱ्या मनाने खेळतो, दुसरा मात्र आठवणींशी तुलना करत. तेच दिलं तर 'नवीन काय?', बदललं तर 'वाट लावली'. बनवणाऱ्यांची इकडे आड तिकडे विहीर.

वेळ मिळाला तर चुका सुधारतातही. 2012 च्या 'डायब्लो 3'मध्ये शस्त्रं विकत घ्यायचा लिलावबाजार होता. राक्षस मारून शस्त्र मिळवायची मजाच त्याने घालवली. 2014 मध्ये कंपनीने तो बंद केला आणि गेम पुन्हा खेळावासा वाटू लागला.